प्रथिनात सेलेनोमेथिओनाइन का घालतात? (सोलापूर, एम.एस्सी.)

स्फटिकावर क्ष-किरण टाकून प्रथिनाची रचना काढताना मोजमापात हरवणारी ‘फेज’ (विखुरलेल्या लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते) मिळावी, म्हणून मेथिओनाइनमधल्या गंधकाच्या जागी सेलेनियम असलेलं हे अमिनो आम्ल वापरतात. सुमारे १२.६६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला सेलेनियमचं क्ष-किरण शोषण एकदम वाढतं. त्याच्या आसपास ऊर्जा बदलत मोजलं की सेलेनियमच्या जागा सापडतात, आणि त्यांच्या आधारावर बाकीची रचना उभी राहते. गंधक आणि सेलेनियम इतके सारखे, की प्रथिनाची घडी सहसा बिघडत नाही. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. प्रथिन सोलापुरात बनवता येईल, पण ऊर्जा बदलायला सिंक्रोट्रॉन (हव्या त्या ऊर्जेचे तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) लागतो, म्हणजे इंदूरचा इंडस-२. मात्र प्रथिनात मेथिओनाइनच नसेल किंवा फारच कमी असेल, तर ही युक्ती चालत नाही. आधी प्रथिनातला अमिनो आम्लांचा क्रम तपासा.