शिलंगण आणि सीमोल्लंघन

प्रश्न असा आला आहे: 'आमची आजी दसऱ्याला शिलंगण म्हणते, तुळजापूरच्या कार्यक्रमपत्रिकेत सीमोल्लंघन असतं. शिलंगण अशुद्ध का? आणि देवी गाव सोडून जातच नाही, तर तिचं सीमोल्लंघन कसलं?'

अशुद्ध मुळीच नाही. सीमा + उल्लंघन हा संस्कृत जोड पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून शिलंगण झाला. मराठीत इकाराआधीच्या 'स'चा 'श' होतो: सीवनचं शिवण, सिक्थचं शीत (भाताचं), आणि सीमेची शीव. म्हणजे गावची 'शीव' आणि शिलंगणातला 'शि' एकाच घरचे. पुढे मधला 'मो' गळाला, 'घ'चा 'ग' झाला, शेवटी 'ण' आला. 'शिलंगन'ही कानावर येतं. लिहिताना मी 'ण'च लिहितो.

मूळ अर्थ मोहिमेचा. पाऊस सरला, नद्या उतरल्या, वाटा वाळल्या की फौजा दसऱ्याला शीव ओलांडून मुलुखगिरीवर निघत. फौजा गेल्या, रीत राहिली. संध्याकाळी शिवेबाहेर जायचं, शमी-आपट्याची पूजा करायची, पानं लुटून आणायची, दारात ओवाळून घ्यायचं, मग देवाला नि थोरांना सोनं. म्हणून आपल्याकडे शिलंगण 'खेळतात'सुद्धा. सीमोल्लंघन कुणी खेळल्याचं ऐकलंय का?

आता तुळजापूर. भवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते. सगळी गंमत त्यात आहे. दसऱ्याच्या पहाटे मूर्तीला साड्यांचं दिंड गुंडाळतात (एकशे आठ साड्या म्हणतात) आणि नगरकडून आलेल्या मानाच्या पालखीत बसवून मंदिराच्या आवारातच प्रदक्षिणा होते. वाटेत पिंपळाच्या पारावर विसावा, कुंकवाची उधळण, 'आई राजा उदो उदो'. एरवी जी गाभाऱ्यात असते तिची शीव गाभाऱ्याचा उंबरा. तो ओलांडला की शिलंगण झालं, मला तरी हे पटतं.

मोहिमेवरचं माणूस परतल्यावर आडवं होतंच. देवीही प्रदक्षिणेनंतर सिंहासनावर जात नाही. नगरकडूनच आलेल्या पलंगावर निजते, ती थेट कोजागिरीपर्यंत. नऊ दिवस महिषासुराशी झुंजून थकली म्हणून ही श्रमनिद्रा. नवरात्राआधी निजते ती घोरनिद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी निजते ती मोहनिद्रा. पत्रिकेत या तिन्ही संस्कृतातच राहिल्या; आजीला विचाराल तर ती एवढंच म्हणेल, 'आई निजलीय.'