जर्मनीचा इतिहास आणि मे महिन्यातलं एक पत्र

जर्मनीला निघण्याआधी तिथला इतिहास थोडक्यात सांगणारं एखादं पुस्तक वाचावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा आणि विम्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती सोडते. पुस्तकाबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

वाचा. पण शंभर पानांत देश समजला की एक खोड लागते: जे दिसेल त्याला कारण सापडतं. मला लागली होती. कार्यालयात फॅक्स दिसला की मी मनात म्हणायची, गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) आणि श्टाझी (पूर्व जर्मनीचे) भोगलेले लोक, माहिती जपणारच, ऑनलाइन जायला कचरणारच. १९८३मध्ये जनगणनेच्या खटल्यात घटना न्यायालयानेही बजावलं, की आपली माहिती कोणाला द्यायची हे मुळात माणसाने स्वतः ठरवायचं. कधीकधी तो नुसता आळस असतो हो! निवास परवान्यासाठी एकच भाडेकरार मी तीनदा दिला, त्यात कसला आलाय इतिहास.

शाळेचं तसं नाही. तिथे इतिहास खरोखर घरात शिरतो. १८७१पर्यंत जर्मनी नावाचा एक देश नव्हता, होती ती छोटीमोठी राज्यं. नाझींनी सगळं बर्लिनच्या मुठीत नेलं, म्हणून युद्धानंतर शिक्षण पुन्हा मुद्दाम राज्यांकडे दिलं गेलं. १९४९च्या राज्यघटनेला बव्हेरियाच्या विधिमंडळाने तर चक्क नकार दिला होता, केंद्राला फार अधिकार मिळतात म्हणून. (दोन तृतीयांश राज्यांनी मान्य केली तर आम्हीही बांधील, हेही सांगून ठेवलं.)

आम्ही त्याच बव्हेरियात. इथे चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. श्रेणी १ सर्वांत चांगली, ६ सर्वांत वाईट. लेकीला २.६६ मिळाले. म्हणजे एका विषयात एक श्रेणी कमी, आणि तो विषय अर्थात जर्मन. शेजारच्या हेसेनमध्ये शेवटचा शब्द पालकांचा असतो.

नवरा चिडला. मी त्याला १९४९ समजावून सांगितलं.

जे सांगितलं नाही ते असं, की कमी पडलेल्या मुलांसाठी मे महिन्यात चाचणी असते आणि तिचं पत्र आलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला पुन्हा परीक्षेला बसवून पुन्हा ‘नाही’ ऐकायचं, ही लाज मला वाटली, तिला नव्हे. पत्र मी फायलीत ठेवलं. ती रेआलशुलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत गेली, मजेत आहे, पुढे वाटाही आहेत. तरी दर मे महिन्यात ती फाइल मला दिसते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो, नोव्हेंबरात जरा जास्त.

तुमचा मुलगा आठ वर्षांचा, म्हणजे तिसरीत बसेल. हातात जेमतेम दीड वर्ष. नोकरी कुठल्या राज्यात मिळाली आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत.