डब्यातले साठ रुपये

‘चित्रं काढून पोट भरतं का?’ समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून मला हा प्रश्न वारंवार येतो. बऱ्या पगाराच्या घरात तो ‘पुढे स्कोप आहे ना?’ असा मवाळ होऊन येतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात तो खरोखर पोटाचाच असतो, आणि तिथे ‘मुलाला त्याचं स्वप्न जगू द्या’ असं सांगणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. ठेवूही नये.

इचलकरंजीचा सुरज (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) तेव्हा सातवीत होता. वडील यंत्रमागावर, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. आई घराजवळच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. मोठी बहीण दहावीत. आई त्याला माझ्याकडे घेऊन आली ती चित्रकलेसाठी नव्हे, तर चोरीसाठी. डब्यातले साठ रुपये गेले होते आणि दप्तरात पोस्टर कलरच्या बाटल्या सापडल्या होत्या. वडिलांनी मारलं होतं, वह्याही फाडल्या होत्या.

“पोरगं हाताबाहेर चाललंय मॅडम. अभ्यासाच्या वहीत मागच्या पानापासनं नुसती चित्रं.”

सुरज एकटा असताना बोलला. पैसे मागितले असते तर मिळाले नसते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मागितलेच नाहीत. चोरी चूकच होती आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. पैसे कसे फेडायचे हेही त्यालाच ठरवायला लावलं. पण चोरीची शिक्षा चित्राला देऊ नका, एवढं मी आईजवळ धरून बसले. या दोन गोष्टींची गाठ घरात एकदा बसली की मूल चित्र सोडत नाही, लपवायला शिकतं.

वडील पुढच्या वेळी आले, रात्रपाळी करून. ते हिशेब घेऊनच आले होते. घरभाडं, किराणा, बचत गटाचा हप्ता, मुलीची पुढच्या वर्षीची कॉलेजची फी. “ह्यात रंग कुठं बसवू सांगा की. आणि उद्या ह्याला रंग आणले, तर पोरगी म्हणंल, मला काय?”

हा प्रश्न मला ‘पोट भरतं का’पेक्षा मोलाचा वाटतो. गरीब घरात एका मुलाच्या आवडीवर केलेला खर्च दुसऱ्याच्या ताटातून येतो, आणि मुलांना तो बरोबर दिसतो. (बहुतेक घरांत हा वाटा मुलीच्या ताटातून जातो. इथे बाप मुलीची बाजू मांडत होता.) त्यामुळे मी त्यांना एम. एफ. हुसेन यांची गोष्ट सांगितली नाही. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणारा तरुण पुढे एवढा मोठा चित्रकार झाला, हे खरंच आहे. पण त्यावर कुठलाही शहाणा बाप विचारणार, त्याच्यासोबत होर्डिंग रंगवणाऱ्या बाकीच्यांचं काय झालं?

त्याऐवजी आम्ही कॅलेंडर काढलं. दहावीपर्यंत या मुलाला चित्रकार व्हायचं की नाही, हे कुणीच ठरवायचं नाही. तोवर दोन शासकीय रेखाकला परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्या कला संचालनालय घेतं, शाळेतूनच बसता येतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. हे ऐकून वडील पहिल्यांदा पुढे सरकून बसले. मग सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएस. ती आठवीत देता येते, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी असते, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. त्यासाठी गणित-विज्ञान करावंच लागतं. सुरजला म्हटलं, रंगांचे पैसे इथून येऊ शकतात. गणिताकडे बघायचं आणखी एक कारण त्याला मिळालं.

शाळेतल्या ड्रॉईंगच्या सरांना मी भेटले. शिकवणीची फी न घेता त्यांनी त्याला शनिवारी शाळा सुटल्यावर बसायला सांगितलं, रंग-ब्रश शाळेचे. घरखर्चात काहीच वाढलं नाही, फक्त वेळ गेला. बहिणीला मी मुद्दाम एकदा बोलावलं. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि तिने स्पष्ट सांगितलं की फी भरायच्या वेळी भावाच्या रंगांचं नाव निघालं तर ती भांडेल. वडिलांसमोर ठरलं, तिची फी आधी. हे सुरजच्या कानावर घालणं मला आवश्यक वाटलं. त्याने मान्य केलं. रुसला थोडा, पण मान्य केलं.

एनएमएमएस काही त्याला लागली नाही. एलिमेंटरीला ब श्रेणी आली, संकल्पचित्र चांगलं झालं होतं, भूमितीने मार खाल्ला. वडिलांनी ते संकल्पचित्रातलं नक्षीकाम पाहून विचारलं, “डॉबीवर जे डिझाईन येतं ते काढणारा माणूस कुठं शिकतो?” (डॉबी म्हणजे कापडात नक्षी विणणारी मागावरची जोडणी.) पोट भरण्याचा प्रश्न त्यांनी असा स्वतःच वळवला होता. मग सांगितलं की बारावीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करता येते, शाखा कुठलीही चालते. उपयोजित कला, वस्त्रकला हे त्यातले विषय. राज्यातलं सर्वात जुनं कला महाविद्यालय, १८५७ सालचं जे. जे., मुंबईत आहे, पण मुंबईत राहण्याचा खर्च मोठा. कोल्हापूर इथून जवळ, तिथेही कला महाविद्यालयं आहेत. दहावीनंतर एक वर्षाचा मूलभूत अभ्यासक्रम करून कलेच्या पदविकेलाही जाता येतं. बारावी आधी करावी, असं माझं मत. चित्रकलेत मन उडालं तर दुसरं दार उघडं राहतं.

सुरज आता नववीत आहे. वह्यांच्या मागची पानं अजून भरतात. आई म्हणाली, विज्ञानाच्या वहीत तर पुढूनही भरतात. त्यावर आम्ही अजून बोलतो आहोत. वडिलांना मी उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवायला सांगितलंय, आणि या खेपेला आधी मुलीच्या फॉर्मसाठी.