जावयासाठी घेतलेलं रोलेक्स नकली निघालं, आता काय करू?

यावल तालुक्यातल्या एका दादांनी लिहिलंय की आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, मुलीचं लग्न आहे, केळीचे पैसे हातात आले म्हणून जावयासाठी इन्स्टाग्रामवरून वापरलेलं रोलेक्स डेटजस्ट घड्याळ 1 लाख 90 हजाराला घेतलं. 30 हजार टोकन यूपीआयने, बाकीचे आयएमपीएसने. कुरिअर आलं, जळगावच्या कारागिराने मागचं झाकण उघडलं आणि सांगितलं की आतलं मशीन डुप्लिकेट आहे. विकणारा आता म्हणतो घड्याळ परत पाठवा, 60 हजार देतो, तक्रार करू नका. पुतण्या म्हणतो आपणही कोणाला तरी विकून मोकळं होऊ. आणि पोलीस ठाण्यात सांगितलं, पैसे गेले ते खातं दिल्लीचं आहे, तिकडे जा.

दादा, आधी हे ऐका, ते घड्याळ घरातून हलवू नका. परतही पाठवू नका आणि विकूही नका. तुमच्या हातात सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे, तो एकदा कुरिअरने गेला की 60 हजार येतील याची काहीच खात्री नाही आणि उद्या तो म्हणेल मी तर अस्सलच दिलं होतं. पुतण्याचा सल्ला तर अजून वाईट. तुम्ही घेतलं तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, पण आता माहीत आहे, आणि माहीत असून नकली ब्रँडचा माल विकला तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 104 खाली 6 महिने ते 3 वर्षं शिक्षा आहे, वर फसवणुकीचा गुन्हा वेगळा. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर हे घरात येऊ देऊ नका.

आजच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे सरकत असतात, मधे कुठे अडवता आले तर याच मार्गाने अडतात, म्हणून दिवस उलटले तरी फोन कराच आणि नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकून तिचा नंबर लिहून ठेवा. बँकेलाही लेखी अर्ज द्या, पण तुम्ही स्वतःच पाठवलेल्या पैशांना 'बँक भरून देईल' असं धरून बसू नका.

दिल्लीला जा म्हणणं चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामकाजाचा कायदा, त्याच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि कलम 202 सांगतं की फसवणूक फोन-मेसेजवरून झाली असेल तर मेसेज जिथे मिळाले तिथल्या कोर्टातही केस चालते. मेसेज तुम्हाला यावलमध्ये मिळालेत ना? मग झालं. तरी नाही घेतली तर तोच अर्ज जळगावला एसपी साहेबांना पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम 318 (फसवणूक) आणि आयटी कायद्याचं 66-डी (ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणूक) लिहा.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची आणि ती तुमच्यासाठी चांगली आहे, कारण 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे जळगावला, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. तो म्हणेल मी दुकानदार नाही, माझं स्वतःचं घड्याळ विकलं. म्हणून त्याच्या पेजवर जितकी घड्याळं विकायला लावलीत त्या सगळ्यांचे स्क्रीनशॉट तो पेज बंद करायच्या आत काढा, रोज माल विकणारा व्यापारीच असतो. 'नो रिटर्न' लिहून पाठवलंय म्हणून घाबरू नका, फसवणुकीला ते पांघरूण चालत नाही.

आता तुम्ही चॅट पाठवलंय ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण सगळं त्यात आधीच दिसत होतं. तो म्हणतो दुकान मुंबईला, त्याने दिलेल्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे 07, म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. टोकन एकाच्या नावावर, बाकी रक्कम दुसऱ्याच्या, आणि दुकानाचं नाव तिसरंच! यूपीआय पैसे जायच्या आधी खातेदाराचं नाव दाखवतं, ते दुकानाशी जुळलं नाही की तिथेच थांबायचं. आणि 'दुबईहून कस्टम चुकवून आणलंय म्हणून स्वस्त' हे त्याने स्वतः लिहिलंय. समजा घड्याळ अस्सल असतं तरी कस्टम्स कायद्याच्या कलम 123 मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचं नाव आहे, चोरटा माल म्हणून जप्त झालं तर तो तसा नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्यालाच सिद्ध करावं लागतं.

लोक सेकंद काटा सरकतो कसा ते बघतात, कार्डावरचा सिरियल नंबर जुळतो का बघतात. बघा जरूर, पण चांगल्या नकलेत काटाही तसाच सरकतो आणि खऱ्या घड्याळाचा नंबर उचलून कोरलेला असतो, कार्डही छापलेलं असतं. व्हिडिओवरून घड्याळ ओळखायचं काम तुमचं नाही हो, माणूस ओळखायचं आहे. पक्कं बिल, जीएसटी पोर्टलवर तपासलेलं नाव, त्याच नावाचं बँक खातं, प्रत्यक्ष जाता येईल असा पत्ता. यातलं एक जरी मागितल्यावर तो चिडला किंवा 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणाला तर सोडून द्या. वापरलेलंच हवं असेल तर रोलेक्सने 2022 पासून अधिकृत विक्रेत्यांमार्फत तपासलेली जुनी घड्याळं 2 वर्षांच्या गॅरंटीने द्यायला सुरुवात केली आहे, महाग पडतात, पण भांडायला समोर कोणीतरी असतं.

कारागिराकडून तारीख टाकून, सहीनिशी लिहून घ्या की आत काय दिसलं, उघड्या मशीनचे फोटो घ्या, आणि आता कोणालाही पुन्हा उघडू देऊ नका, आयोगाला वाटलं तर तो स्वतः तपासणीला पाठवतो. खोका, कुरिअरची चिठ्ठी, सगळं ठेवा. फोन बदलू नका, फॉरमॅट तर अजिबात नको, कारण चॅट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ते चॅट कोणत्या फोनमधलं आहे हे लिहून द्यावं लागतं. विकणाऱ्याला फोनवर काही बोलू नका, त्याला म्हणा जे आहे ते मेसेजवर लिहा. तो 60 हजारांची गोष्ट लिहून देईल तेवढं आपल्याच कामाचं आहे.