एकोणीस जागा, सहाचे पैसे

प्रिय मुली,

अमेरिकेतल्या कॉलेजात महिला बीच व्हॉलीबॉल संघाची सहायक प्रशिक्षक होते आहेस. चेंडूआधी हिशेबाची वही हातात येईल, म्हणून हे पत्र.

पहिला गोंधळ शिष्यवृत्तीचा. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, पूर्वी सहा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या तुकडे करून वाटता येत. 2025 मध्ये हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबतचा खटला) तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त 19 जणी, असा नियम आला. सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची मुभा मिळाली, पैसे नाहीत. तिजोरीत सहाचेच असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी 32 टक्केही येत नाहीत. वाटप टक्क्यांत नको, डॉलरमध्ये मांड. सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या मुलीची फी जास्त असते, त्यामुळे तिचे 25 टक्के तुला महाग पडतात. (माझं ऐकशील तर 18च घे. लढतीत पाच जोड्या उतरतात. 19 घेतल्यास सरावाला रोज एक जण बिनजोडीची.)

पगार वाचवायला इनडोअरच्याच प्रशिक्षकाकडे बीचही सोपवू, असं कुणीतरी सुचवेलच. इनडोअरचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर, बीचचा फेब्रुवारी ते मे. कागदावर छान बसतं. पण नव्या खेळाडूंचा शोध बारमाही असतो आणि तोच आधी मागे पडतो.

कोर्ट वाढवायचं निघालं तर 16 बाय 8 मीटरचं कोर्ट, भोवती 3 मीटर मोकळी जागा आणि 40 सेंटिमीटर खोली धरून एकालाच सुमारे 123 घनमीटर वाळू लागते. तरी तीनवर थांबू नका. तीन कोर्टांवर पाच सामने दोन फेऱ्यांत होतात, दुपार जाते आणि मुलींचे तास बुडतात.

खरा घात अभ्यासात होतो. मार्चमध्ये दमलेली मुलगी 14 क्रेडिटांतला 4 क्रेडिटांचा लॅबचा विषय सोडते. उरतात 10. किमान 12 लागतात, म्हणून त्याच दिवशी ती खेळायला अपात्र. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल तर व्हिसाही अडचणीत. सत्राची सुरुवात 15 वर करायला लाव आणि सल्लागाराला विचारल्याशिवाय विषय सोडू देऊ नकोस. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत 24 क्रेडिट आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण, हेही तपासत राहा.

मग एपीआर, म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचा गुणांक. क्रीडा शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकीचे सत्राला दोन गुण: एक पात्र राहण्याचा, एक कॉलेजात टिकण्याचा. आठ जणींचे वर्षाला 32. एक नापास होऊन निघून गेली, दुसरीचा एक गुण गेला, की उरले 29, म्हणजे हजारात 906. चार वर्षांची सरासरी 930 हवी. हेच तीन गुण 14 जणींत गेले तर 946 येतात. तेव्हा सहाचे पैसे आठ जणींत वाटायचे की चौदा, हे ठरवताना सल्लागाराला शेजारी बसव.

राष्ट्रीय स्पर्धा मेच्या सुरुवातीला असते, नेमकी परीक्षांच्या तोंडावर. प्रवासाच्या तारखा प्राध्यापकांना जानेवारीतच लेखी कळव.