वजू, वुजू की वुदू?

अनुवाद करताना एकाला अडलं आहे: नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होण्याच्या ‘वजू’ला ‘स्नान’ म्हटलं तर चालेल का, आणि लिहायचं कसं, वजू, वुजू की वुदू?

‘स्नान’ कृपया नको. मुंबईची जामा मशीद (१८०२ साली पूर्ण झालेली) जुन्या तळ्यावरच उभी आहे. त्या पाण्याकाठी नमाजाआधी बसलेला माणूस पाहा. मनगटापर्यंत हात धुतो, चूळ भरतो, नाकात पाणी घेतो, मग चेहरा, कोपरापर्यंत हात. ओला हात डोक्यावरून फिरवतो (हा ‘मसह’), शेवटी घोट्यापर्यंत पाय. सदरा अंगातच असतो. डोक्यापासून पायापर्यंत पाणी घ्यायचं ते ‘गुसल’. शरीरसंबंधानंतर, पाळी संपल्यावर तो लागतो. दफनाआधी मयतालाही गुसल देतात. आपल्या पंचनाम्यातला ‘मयत’ हा तोच अरबी शब्द.

मग ‘हातपाय धुणे’ म्हणावं? तेही पुरत नाही, कारण वजू ही कृती आहे तशी अवस्थाही. ‘माझा वजू आहे’ म्हणजे दुपारी केलेला अजून टिकून आहे, त्यावरच असरचा (दुपार उलटल्यावरचा) नमाज होईल. गाढ झोप लागली, लघवीला जाऊन आलं, की ‘वजू तुटला’. या वाक्यांत ‘हातपाय धुणे’ घालून पाहा, बसतच नाही. म्हणून मूळ शब्दच ठेवा.

राहिला ‘ज’ आणि ‘द’चा घोळ. यात एक अरबी अक्षर आहे, ज्याचा उच्चार अरब जड ‘द’सारखा करतात आणि फारसी-उर्दूत तो ‘ज’ होतो. रमदान-रमजान ही जोडी त्यातूनच आली, ‘काजी’तला ‘ज’ही तोच. मराठीने तर हौज आणि हौद दोन्ही ठेवले! आपल्याकडे रमजान लिहितात, त्याच न्यायाने मी वजू लिहितो. ‘ज’ मात्र ‘जाड’मधला, ‘जीव’मधला नव्हे.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की ‘वुदू’ हे नाम कुराणात कुठेच नाही. पाचव्या सूरेच्या (अध्यायाच्या) सहाव्या आयतीत (वचनात) चेहरा नि हात ‘धुवा’ असं क्रियापद येतं, आणि त्याचा धातू ‘गुसल’चाच आहे. त्याच आयतीत पाणी न मिळाल्यास वजूऐवजी स्वच्छ मातीने करायचा ‘तयम्मुम’ही सांगितला आहे. त्याला ‘स्नान’ कसं म्हणणार?