सूर्यास्ताचे चित्र जागेवर बसून रंगवावे की छायाचित्रावरून?

आपण विचारले आहे की, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, सुकण्याआधीच आकाश बदलते, तर मोबाईलवर छायाचित्र काढून घरी निवांत रंगवले तर काय बिघडले आणि सोबत कोणते रंग न्यावेत. बिघडते, आणि फार बिघडते.

रत्नागिरीत चित्रकला शिकत असताना भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाजवळ बसून मी एक जलरंगचित्र केले होते. समोर मावळता सूर्य आणि वाळूवर ओढून ठेवलेली होडी. होडीची माझ्याकडची बाजू सावलीत होती, पण काळी नव्हती. माझ्या पाठीमागच्या, पूर्वेकडील आकाशाचा निळसर उजेड तिच्यावर पडला होता आणि ओल्या वाळूवरून परतलेला नारिंगी रंग तळाकडच्या फळ्यांना लागला होता. ती बाजू मी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या करड्या मिश्रणात रंगवली आणि खाली गँबोज या पिवळ्या रंगाचा पातळ हात दिला. वार्षिक प्रदर्शनासाठी निवड करणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांनी ते चित्र बाजूला काढले. सूर्यासमोरची वस्तू काळीच दिसते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुरावा म्हणून त्यांनी एका कॅलेंडरवरील छायाचित्र दाखवले. मी त्यांना संध्याकाळी किनाऱ्यावर येण्याची विनंती केली. ते आले नाहीत.

मी आजही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. आकाशाचा उजेड धरून छायाचित्र घेतले की जमीन काळवंडते, आणि जमीन उजळ घेतली की आकाश पांढरे पडते. डोळा मात्र दोन्हीकडे फिरत जुळवून घेतो. छायाचित्रावरून रंगवणारा समुद्र रंगवत नाही, कॅमेऱ्याची मर्यादा रंगवतो.

वेळ कमी मिळतो, हे खरे आहे. विषुवदिनाच्या सुमारास रत्नागिरीत सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून सव्वादोन मिनिटांत बुडते आणि त्यानंतरचा चांगला संधिप्रकाश सुमारे 22 मिनिटे टिकतो. लंडनला तोच 33 मिनिटांच्या आसपास असतो, म्हणून तिकडच्या चित्रकारांची संथ प्रात्यक्षिके आपल्या किनाऱ्यावर उपयोगी पडत नाहीत. रेखाटन, क्षितिजरेषा आणि छायाप्रकाशाची विभागणी सूर्य बराच वर असतानाच उरकावी. आकाश ओल्या कागदावर एकाच वॉशमध्ये घालावे आणि नंतर ते कितीही पालटले तरी त्याच्या मागे धावू नये. सूर्याच्या जागी कागद कोरा सोडावा. त्याहून उजळ रंग जलरंगात नाही. तो तेजस्वी वाटतो तो शेजारच्या मध्यम टोनमुळे, म्हणजे फार उजळ नाही आणि फार गडदही नाही अशा छटेमुळे. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांतून झिरपणारा उजेड आसपासच्या अंधारावर कसा तोलला आहे, ते तेथे पाहावे.

रंगांचे म्हणाल, तर शाळेच्या पेटीतले पुरतात. फक्त काळा घरी ठेवावा.

होडीचा आकार किंवा दोरखंड आठवण्यापुरते छायाचित्र जरूर घ्यावे, आणि हल्लीचे मोबाईल सावल्या पूर्वीइतक्या काळ्या करत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या सावल्यांचा रंग तो मोबाईल ठरवतो. शिवाय ऑक्टोबरात हवा इतकी दमट असते की वॉश लवकर सुकत नाही आणि माझी ही पद्धतही अडते. तेव्हा एकाऐवजी दोन कागद फळीवर चिकटवून न्यावेत, एकावर आकाश आणि दुसऱ्यावर होडी व वाळूचे टोन घ्यावेत, आणि दोन्ही घरी एकत्र करावेत.